जांभ्यातलं लोखंड की कुप्यातलं? मॉसबाउअर आणि ईपीआर यांतून निवड करताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला लोखंड हा विषय घ्यायचा, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गात दोन नमुने हाताशी असतात: चिरेखाणीतला जांभा आणि जेटीवर उतरणारा कुपा (ट्यूना मासा). जांभ्यात लोखंड हेमटाइट आणि गोएथाइट या खनिजांत असतं, तर कुप्याच्या लाल मांसात ते मायोग्लोबिन या प्रथिनात, एका रेणूत एकच अणू.

हे लोखंड तपासायच्या दोन वर्णपट पद्धती: गॅमा किरणं वापरणारी मॉसबाउअर, आणि जोडी नसलेल्या इलेक्ट्रॉनांचा संकेत टिपणारी ईपीआर (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स). जांभ्यासाठी बिनदिक्कत मॉसबाउअर घ्या. रुडॉल्फ मॉसबाउअर यांनी १९५८ मध्ये शोधलेला हा परिणाम लोह-५७ या समस्थानिकाच्या केंद्रकावर चालतो, त्यामुळे भोवतीची माती, सिलिका आड येत नाही. हेमटाइट सहा रेषा देतं, चुंबकीय क्षेत्र सुमारे ५१.७ टेस्ला, गोएथाइटच्याही सहाच, पण क्षेत्र ३८ च्या आसपास. रेषांखालच्या क्षेत्रफळावरून कुठल्या खनिजात किती लोखंड, तेही काढता येतं. मात्र कण फार बारीक असतील तर खोलीच्या तापमानाला सहाऐवजी दोनच रेषा उरतात. मग नमुना थंड करून पुन्हा मोजावा लागतो. ईपीआरमध्ये हीच लोखंडाची ऑक्साइडं रुंद, एकमेकांत मिसळलेले संकेत देतात. दगडासाठी त्या वाटेला जाऊ नये.

कुप्याचं गणित उलटं आहे. एक ग्रॅम शुद्ध मायोग्लोबिनमध्ये लोखंड जेमतेम ३ मिलिग्रॅम, आणि त्यातलं लोह-५७ फक्त २.१ टक्के. इथे मॉसबाउअरला चिकाटी लागते. ईपीआरला पाव मिलिलिटर गोठवलेलं द्रावण पुरतं. तपकिरी पडलेल्या मांसातलं मेटमायोग्लोबिन, म्हणजे फेरिक (तीन धनभारांचं) लोह, द्रव हेलियमच्या आसपासच्या तापमानाला जी = ६ जवळ (जी हा ईपीआर आलेखावर संकेताची जागा सांगणारा आकडा) ठसठशीत संकेत देतं. पण ताज्या, लाल मांसातलं ऑक्सिमायोग्लोबिन (ऑक्सिजन धरलेलं रूप) ईपीआरला दिसतच नाही, कारण त्यात जोडी नसलेला इलेक्ट्रॉन उरत नाही! रिकामा आलेख बघून ‘लोखंड नाही’ असं कृपा करून लिहू नका. मॉसबाउअरला मात्र प्रत्येक लोखंड दिसतं, कुठल्याही अवस्थेतलं.

म्हणून मायोग्लोबिनची सुरुवात कॉलेजातल्या यूव्ही-व्हिजिबलवरच (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो, ते मोजणाऱ्या यंत्रावर) करा. ऑक्सी रूपाचे ५४३ आणि ५८१ नॅनोमीटरचे उंचवटे उतरून ५०३ आणि ६३० वर नवे आले, की लोखंड फेरिक झालं. अर्क गाळून स्वच्छ हवा, एवढीच अट.

प्रवासाचाही विचार करा. ईपीआरची सोय आयआयटी मुंबईच्या ‘सैफ’ या उपकरण केंद्रात आहे, मॉसबाउअरची इंदूरच्या यूजीसी-डीएई संशोधन केंद्रात. मॉसबाउअरला गॅमा किरणं पुरवणारा किरणोत्सारी कोबाल्ट-५७ स्रोत २७२ दिवसांत निम्मा होतो. तो कधी आणलाय, हे आधी विचारून घ्या, त्यावर मोजणीचे दिवस ठरतात. जांभ्याची पूड टपालानेही जाते. मायोग्लोबिन वाटेत तपकिरी पडू शकतं, तेव्हा निघण्यापूर्वी आणि पोचल्यावर, दोन्ही वेळा यूव्ही-व्हिजिबल आलेख घ्या.