एकाच शहरातले दोन बुलेव्हार्ड: आपल्या रस्त्यासाठी कोणता नमुना घ्यावा?

बाह्यवळण रस्ता झाला की शहरातून जाणाऱ्या जुन्या महामार्गाचं काय करायचं, हा प्रश्न पालिकेपुढे येतोच. उड्डाणपूल बांधून तो आणखी वेगवान करायचा, की चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना आणि गाड्यांना आपापली जागा देणारा बुलेव्हार्ड करायचा? माझं मत बुलेव्हार्डच्या बाजूने आहे. पण बुलेव्हार्डचेही प्रकार असतात आणि चुकीचा प्रकार निवडला तर पैसा जातो, रस्ता मात्र होता तसाच राहतो. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोतली दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहू. शहर एक, कारणही एकच. १७ ऑक्टोबर १९८९च्या भूकंपात तिथले दोन उन्नत महामार्ग खिळखिळे झाले आणि पुढे दोन्हींच्या जागी बुलेव्हार्ड आले.

पहिला एम्बार्काडेरो. खाडीच्या काठाने जाणारा हा दुमजली महामार्ग १९९१ मध्ये पाडायला घेतला. त्याजागी रुंद रस्ता, मधोमध ट्राम, ताडासारख्या उंच खजुरांच्या रांगा आणि पाण्याच्या कडेने ऐसपैस पदपथ आला. दुसरा ऑक्टेव्हिया. हा हेज व्हॅली या दाट वस्तीतून जातो, लांबी जेमतेम चार चौकांची, रुंदी सुमारे ४० मीटर. तो २००५ मध्ये खुला झाला. मधल्या चार मार्गिका सरळ जाणाऱ्या वाहनांसाठी, दोन्ही बाजूंना झाडांचे दुभाजक आणि त्यांच्या पलीकडे घरांना लागून एकेक अरुंद, संथ गल्ली. आराखड्यामागे ॲलन जेकब्स आणि एलिझाबेथ मॅकडोनाल्ड हे नगररचनाकार होते.

चालणाऱ्याला दोन्हींकडून काय मिळालं? एम्बार्काडेरोवर एका बाजूचं सुख आहे, पण ते भरपूर आहे. पाण्याकडच्या बाजूला गाडी आत-बाहेर करणारी फाटकं कमी, त्यामुळे माणूस सलग चालू शकतो. जुनी फेरी बिल्डिंग २००३ मध्ये नव्याने उघडली, तिथे शेतकरी बाजार भरतो. मात्र शहराकडून पाण्याकडे जायचं तर मार्गिकांची मोठी रांग ओलांडावी लागते. म्हाताऱ्या माणसाला एका सिग्नलमध्ये ते जमेलच असं नाही. ऑक्टेव्हियावर पदपथ त्या मानाने साधा, पण दारातून बाहेर पडल्यावर समोर फक्त संथ गल्ली असते. वेगवान वाहनं दुभाजकाच्या पलीकडे. रस्ता ओलांडतानाही दुभाजकावर थांबायला जागा मिळते. उत्तर टोकाला पॅट्रिशियाज ग्रीन नावाचं छोटं मैदान आहे. महामार्ग हटवण्यासाठी झटलेल्या पॅट्रिशिया वॉकप यांचं नाव त्याला दिलं आहे.

गाडीवाल्याची धास्ती दोन्हीकडे सारखीच होती: पूल गेला तर कोंडी होणार. ऑक्टेव्हियाच्या जागच्या महामार्गावर दिवसाला सुमारे ९३ हजार गाड्या धावायच्या. बुलेव्हार्डवर त्या सुमारे ४५ हजारांवर आल्या. उरलेल्यांनी दुसरे रस्ते धरले, वेळ बदलली किंवा गाडीचा प्रवासच सोडला. कोंडी मुळीच नाही असं नव्हे, गर्दीच्या वेळी रांगा लागतातच. पण लोकांना पटवणं सोपं नव्हतं. १९९७ मध्ये मतदारांनी पूल पुन्हा बांधायच्या बाजूने कौल दिला, १९९८ मध्ये तो फिरवला आणि १९९९ मध्ये बुलेव्हार्डवर पुन्हा शिक्कामोर्तब केलं. एम्बार्काडेरोची किंमत वेगळी होती. ग्राहक येणार नाहीत म्हणून चायनाटाउनचे व्यापारी पूल पाडण्याच्या विरोधात होते. महापौर आर्ट ॲग्नोस १९९१ची निवडणूक हरले, त्यात या नाराजीचाही वाटा होता. व्यापाऱ्यांना पर्याय म्हणून सांगितलेला भुयारी रेल्वेमार्ग २०२२च्या अखेरीस सुरू झाला. तीस वर्षं! दुकानदारांना शब्द देताना हे विसरू नये.

सायकलच्या बाबतीत मात्र दोन्ही नमुने कच्चे होते. एम्बार्काडेरोवर आधी फक्त रंगाने आखलेली पट्टी होती. शेजारून वेगाने गाड्या जात, म्हणून अनेक सायकलवाले पदपथावर चढत आणि चालणाऱ्यांशी खटके उडत. संरक्षित सायकलमार्ग पुढे तुकड्यातुकड्यांनी आले. ऑक्टेव्हियाची खरी दुखरी जागा म्हणजे मार्केट स्ट्रीटचा चौक. महामार्गाचा उतार थेट या चौकात येतो आणि मार्केट स्ट्रीट हा तिथल्या सायकलवाल्यांचा मुख्य रस्ता. उजवीकडे वळून महामार्गावर चढायला बंदी आहे, कारण कडेच्या पट्टीतून सरळ जाणारा सायकलस्वार त्या वळणात सापडतो. तरी लोक वळत राहिले आणि अपघात होत राहिले. अमेरिकेत गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे त्यांचं हे उजवं वळण आपल्याकडचं ‘फ्री लेफ्ट’च. बुलेव्हार्डचं चित्र कितीही देखणं असो, चौकात फ्री लेफ्ट ठेवला असेल तर सायकलमार्ग तिथेच संपला समजा.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. ऑक्टेव्हियाच्या बाजूला मोकळी झालेली सरकारी जमीन शहराला मिळाली, ती विकून रस्त्याला पैसा उभा राहिला आणि तिथे परवडणाऱ्या घरांसह नवी घरं आली. आपल्याकडे रुंदीकरणात जमीन जाते, सुटत नाही, त्यामुळे या हिशेबावर फार भिस्त ठेवू नका.

मग कोणता घ्यावा? रस्त्याच्या एका अंगाला नदी, तलाव, खाडी किंवा रेल्वेची हद्द असेल तर एम्बार्काडेरोसारखा. मोकळ्या बाजूला सलग पदपथ आणि त्याला लागून, पण उंचीने वेगळा, दोन्ही दिशांनी जाता येईल असा सायकलमार्ग द्या. दोन्ही अंगांना घरं आणि दुकानं असतील तर ऑक्टेव्हियासारखा. जुन्या महामार्गांची आपल्याकडे बहुधा हीच स्थिती असते. पण त्यात आपल्या सर्व्हिस रोडची सवय आड येते. दुचाकी राँग साइडने येतात, कडेला गाड्यांच्या दुहेरी रांगा लागतात. बाजूची गल्ली पदपथाच्या जवळपास उंचीला आणि एकाच गाडीपुरती अरुंद ठेवली तरच तिचा वेग उतरतो. पथारीवाले आणि रिक्षा स्टँड यांना आराखड्यातच जागा द्यायला हवी, नाहीतर ते पदपथावर येणार. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले, बसायला आणि मुलांना खेळायला जागा केली, तेव्हा लोक खरोखर येऊन बसले. जागा दिली की माणसं येतात. दुचाकीही येतात, म्हणून खांब हवेतच, आणि त्यांच्यामधून व्हीलचेअर जाईल एवढं अंतरही.

पालिकेच्या सुनावणीला जाणार असाल तर संगणकावरचं हिरवंगार चित्र बाजूला ठेवायला सांगा आणि प्रत्येक चौकाचा मापांसह नकाशा मागा. रस्ता ओलांडायला किती सेकंद दिलेत, वळणाची त्रिज्या किती, सायकलमार्ग चौकातून पलीकडे कसा जातो आणि बसथांब्यावर उतरणारा माणूस पाय नेमका कुठे ठेवणार, एवढं त्यात दिसलंच पाहिजे.