खांदा माझा, आकडे त्यांचे

हात बाजूने उचलला की खांद्याच्या उंचीला येताना कळ, आणि पूर्ण वर गेला की पुन्हा ठीक. रात्री उजव्या कुशीवर झोपायची सोय नाही. डॉक्टरांनी तपासून इंपिंजमेंट, म्हणजे हात उचलताना खांद्याच्या हाडाखाली स्नायूची दोरी दबणं, असं सांगितलं आणि फिजिओथेरपी घ्यायला सांगितली. इथवर सगळं रीतसर झालं. पुढचं शहाणपण माझं: ‘पहिली तपासणी मोफत’ अशी पाटी पाहून मी एका सेंटरमध्ये शिरले.

तिथल्या पांढऱ्या कोटातल्या गृहस्थांनी माझा एक्स-रे उजेडात धरला आणि एका टोकाकडे बोट दाखवलं. “मॅडम, हे हाड आतून दोरी कापतंय. आज सुरू केलं नाही तर ऑपरेशन अटळ.” मी गार. लगेच समोर 20 सिटिंगचं पॅकेज आलं. सगळे पैसे आगाऊ, सवलत फक्त आजच्या दिवसापुरती. मी भरले. त्या पूर्ण भेटीत त्यांनी मला एकदाही हात वर करायला सांगितलं नव्हतं. हे मला घरी आल्यावरही खटकलं नाही, याचंच आता नवल वाटतं.

रोजचा क्रम ठरलेला. एक मुलगा यायचा, खांद्याला जेल लावून अल्ट्रासाउंडचा दांडा फिरवायचा, मग करंटचे पॅड चिकटवून निघून जायचा. व्यायाम विचारला की “सूज उतरल्यावर”. सातव्या का आठव्या दिवशी उठताना पाहिलं, तर अल्ट्रासाउंडच्या मशीनची पिन भिंतीत लावलेलीच नव्हती. हसू आलं, पण त्याहून जास्त लाज वाटली. कारण पाचच मिनिटांपूर्वी “आज छान ऊब लागतेय” असं मी त्याला सांगितलं होतं. तो मुलगा फिजिओथेरपीचं काहीही शिकलेला नव्हता, हे त्यानेच भोळेपणाने सांगितलं. कोटवाले पहिल्या दिवसानंतर दिसलेच नाहीत.

अकराव्या सिटिंगनंतर मी जाणं थांबवलं आणि ओळखीतून दुसऱ्या फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी अर्धा तास नुसतं तपासलं. हात पुढून उचला, बाजूने उचला, माझ्या हाताला विरोध करा, मागे पाठीला लावा. पाठीमागे उभं राहून खांद्याचं पातं कसं सरकतं ते पाहिलं. मान तपासली, कारण मानेचं दुखणंही खांद्यात उतरतं. हाडाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, ते टोक पाहून दुखण्याचा निकाल लावता येत नाही. काहीही न दुखणाऱ्यांच्या फोटोतही असे बदल दिसतात. ऑपरेशनची धास्ती त्यांनी एका वाक्यात उतरवली. ब्रिटनमध्ये काही रुग्णांचं ते हाड तासलं, काहींच्या सांध्यात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली, आणि दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम पडला. 2018 च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलंय. मी नंतर शोधून वाचलं, तसंच आहे. पडून-आपटून हात अचानक उचलेनासा झाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी डॉक्टर गाठायचा, हेही त्यांनीच बजावलं.

उपचार म्हणजे रबरी पट्टा आणि तीन व्यायाम. कोपर अंगाला लावून हात बाहेर वळवणं, पट्टा मागे ओढून पाती जवळ आणणं, आणि भिंतीवर हात सरकवत वर नेणं. दुखलं तर थोडं चालेल, पण दुसऱ्या दिवशी वाढलेलं नको. “12 आठवडे तरी धरा,” म्हणाल्या, “आणि मला रोज भेटायची गरज नाही.” दोन आठवड्यांतून एकदा बोलवायच्या, पट्टा बदलून द्यायच्या. सहाव्या आठवड्यात मी उजव्या कुशीवर झोपले. अल्ट्रासाउंडबद्दल विचारलं तर त्यांनी खांदे उडवले. या दुखण्यात त्याने फारसा फरक पडल्याचा पुरावा नाही, म्हणाल्या. करंटने थोडा वेळ बरं वाटू शकतं, पण स्नायूला ताकद यायची तर काम स्नायूनेच करायला हवं.

आता पैशांचं. उरलेल्या नऊ सिटिंगचे परत मागायला गेले, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, पावतीच्या मागे ‘परतावा नाही’ असं छापलंय. छापलं होतंच, फिकट शाईत. पावती घेताना ती उलटून पाहायचं मला सुचलं नव्हतं, आणि फिजिओथेरपिस्टचा नोंदणी क्रमांक विचारायचंही नाही. मग निदान माझं कार्ड तरी द्या म्हटलं. उपचाराचं कार्ड तिथेच ठेवत असत, मी ते कधी हातात घेतलं नव्हतं. त्यात रोजच्या वेदनेचा दहापैकी आकडा लिहिलेला होता: 8, 8, 7, 6, असा शिस्तीत उतरत गेलेला. मला हा आकडा कोणी कधी विचारलाच नव्हता. बाराव्या ओळीपासून पुढे मी गेलेही नव्हते, तरी तारखा होत्या, सह्या होत्या, आणि विसाव्या सिटिंगसमोर लिहिलं होतं: वेदना 1, रुग्ण समाधानी.