फॅन मंडळींच्या गेमिंग मासिकाला आगाऊ पैसे: द्यावेत की नाही?

किकस्टार्टरवर (लोकांकडून आधी पैसे जमवून प्रकल्प उभे करण्याची वेबसाइट) पैसे भरून घेतलेल्या एका फॅन मासिकाबद्दल लिहितेय. नाव देत नाही. नोकऱ्या सांभाळून अंक काढणारी माणसं आहेत आणि मला थोडी तक्रारही करायचीय. विषय निन्टेन्डो या जपानी कंपनीचं जुनं ८-बिट व्हिडिओ गेम मशीन आणि जगभर निघालेल्या त्याच्या नकला. छापील अंक २८ डॉलर, पीडीएफ ६ डॉलर.

नाशिकचा धाकटा भाऊ आणि मी यावरून चांगलेच भांडलो. "ताई, अजून एक पान छापलेलं नाही आणि पैसे आधी? हे तर फ्लॅट बुकिंग झालं!" मी म्हटलं, बिल्डर पैसे आधी घेऊन मोकळा होतो, इथे ठरलेली रक्कम जमली नाही तर कार्डावरून एक सेंटही जात नाही. अर्थात ती जमली, की अंक हातात पडेल याची हमी किकस्टार्टर घेत नाही. ते आपले ५ टक्के कापतात, वर पेमेंटचा खर्च. उरलेल्यात छपाई, कागद, पोस्ट. त्यामुळे मी तीन गोष्टी बघते: नमुना पानं दाखवलीत का, प्रिंटरचा भाव आधी घेतलाय का, टपालखर्च वेगळा मांडलाय का. पहिल्या दोन्हींत ही मंडळी चोख होती. तिसऱ्यात गडबडली. भारतात अंक पाठवायचे २४ डॉलर, हे खाली बारीक अक्षरात.

भावाचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा होता: "निन्टेन्डोची नोटीस आली तर?" कंपनी याबाबत कडक आहे हे खरं. २०१६ मध्ये 'एएम२आर' हा निन्टेन्डोच्या 'मेट्रॉइड' मालिकेवर चाहत्यांनी केलेला गेम आला आणि लगेच कंपनीने तो उतरवायला लावला. पण कंपनीची पात्रं घेऊन गेम बनवणं वेगळं आणि गेमवर लिहिणं वेगळं. मी राहते त्या अमेरिकेतल्या रेडमंडमधून १९८८ पासून 'निन्टेन्डो पॉवर' हे कंपनीचं अधिकृत मासिक निघायचं. शेवटची काही वर्षं ते 'फ्यूचर' या प्रकाशनाकडे होतं आणि डिसेंबर २०१२ च्या २८५व्या अंकाने बंद झालं. पुढच्याच महिन्यात लुकस थॉमस आणि इतर चाहत्यांनी 'निन्टेन्डो फोर्स' काढलं. सुरुवातीला मागणीप्रमाणे एकेक प्रत छापून, नंतर पेट्रिऑन या वेबसाइटवर नियमित वर्गणी घेऊन. नावात 'निन्टेन्डो' असूनही ते वर्षानुवर्षं चाललं. मला विचाराल तर पेट्रिऑनची पद्धतच बरी. अंक आवडला नाही की वर्गणी बंद.

तर आमचा अंक. दिवाळीत येणार होता, होळीला आला. मधल्या काळात काय अडलंय ते नियमित कळवत होते, म्हणून राग आला नाही. राग आला तो पाकिटाचा. साधं कागदी पाकीट, आत पुठ्ठा नाही. पोस्टमनने घडी घालून पेटीत कोंबलं आणि मुखपृष्ठावर बरोब्बर मधोमध पांढरी रेघ उमटली. २८ डॉलरला पुठ्ठ्याचा एक तुकडा बसत नाही?

आतली छपाई मात्र बघत राहावी अशी. मॅट कागद, आणि गेमची चित्रं मोठी करताना कुठेही गुळगुळीत केलेली नाहीत. एकेक चौकोन धारदार, मोजता येईल असा. पैसेवाल्या मासिकांतही हे भान क्वचित दिसतं. रशियातल्या 'डेंडी'वर सहा पानं आहेत. १९९२ मध्ये आलेली ही नक्कल तिकडे इतकी खपली की लोकांना मूळ निन्टेन्डो माहीतच नव्हता. पोलंडमधली अशीच नक्कल 'पेगासस', तिला तीन पानं.

आणि भारत? चौकटीत दोन ओळी! आपल्याकडच्या 'सामुराई' मशीनचं नाव, संपलं. आमच्या पिढीने ज्यावर काँट्रा खेळला, '९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट ज्यात फुंकर मारून बसवली, त्या सगळ्याला दोन ओळी. (त्या ९९९९ मध्ये खरे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हेही छापायला हरकत नव्हती.) नाशिकला गेले तेव्हा अंक भावाला दिला. त्याने सगळ्यात आधी तीच चौकट वाचली आणि रात्री बसून संपादकांना लांबलचक मेल ठोकला. उत्तर आलं: फोटो असतील तर पुढच्या अंकासाठी तुम्हीच लिहा. आता साहेब माळ्यावर जुनं मशीन शोधतायत आणि फ्लॅट बुकिंगचं नाव काढत नाहीत.

दुसऱ्या अंकाची मोहीम सुरू झालीय. भारतात असाल तर पीडीएफच घ्या; टपालखर्च बघता छापील परवडणार नाही. अमेरिकेत असाल तर छापील घेण्यासारखा आहे, पण घाई नको. या वेळी पुठ्ठ्याचं पाकीट देणार का, असं मी त्यांना विचारलंय. हो म्हणाले तर २८ डॉलर भरीन, नाहीतर मीही पीडीएफच.