भयपटांसाठी घेतलेला वार्षिक प्लॅन: रिमोट खाली ठेवायची सोय नाही

परवा रात्री साडेबाराला खालच्या मजल्यावरचे काका दार वाजवून गेले. एका बड्या स्टुडिओच्या भयपटात दोघं जण कुजबुजत होते, शब्द कळेना म्हणून आवाज चाळीसवर नेला आणि नेमकं तेव्हाच पडद्यावरचं कपाट धाडकन उघडलं. बायकोची झोपमोड झाली ती वेगळीच. ओटीटी अ‍ॅपचा वर्षाचा प्लॅन पावसाळ्यात घेतलाय, तोही निव्वळ भयपटांसाठी. पैसे भरलेत तर वसूल करायचे, म्हणून एकही शनिवार सोडलेला नाही.

चित्र झकास, सबटायटल्स ठीक. बोंब आहे ती आवाजाची. थिएटरसाठी बांधलेला आवाज टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरांत कोंबला की संवाद दबतात आणि दचकवायचे ठोके तेवढे छातीवर येतात. कस्टमर केअर म्हणालं, अ‍ॅप काढून पुन्हा टाका. टाकलं. मग म्हणे, इंटरनेटचा स्पीड तपासा. कुजबूज ऐकू न येण्याशी स्पीडचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक. शेवटी टीव्हीच्याच सेटिंगमध्ये नाइट मोड सापडला. त्याने धडाम-धुडुम आवरतं, पण भीतीही अळणी होते.

त्यामुळे सुरुवातीचे काही महिने माझं ठाम मत होतं की भयपट पाहावा तर कमी पैशांतला. ओरेन पेलीने 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' स्वतःच्या घरात, साधारण 15 हजार डॉलरमध्ये उरकला. स्टँडवर कॅमेरा, पलंग, उघडं दार, कोपऱ्यात पळणारं घड्याळ. बस. 'ते' यायच्या आधी एक खोल घरघर सुरू होते (माझ्या टीव्हीवर हेडफोन लावल्यावरच कळली). 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये नकाशावरून चाललेली भांडणं डोकं उठवतात, पण शेवटची दोन मिनिटं तिकिटाच्या लायकीची. रोमेरोच्या 1968च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप आहे, कृष्णधवल असल्याने खपून जातं. नाव बदलताना कॉपीराइटची ओळ राहून गेली, त्यामुळे हा सिनेमा कायदेशीररीत्या फुकट मिळतो. त्यासाठी कुणालाही एक रुपया देऊ नका.

जपानचा 'वन कट ऑफ द डेड' मात्र नेटाने बघा. पहिली 37 मिनिटं एकच सलग शॉट आहे आणि तो इतका गचाळ वाटतो की हात बंद करायच्या बटणाकडे जातोच. बंद करू नका. एवढंच सांगतो.

मग 'द कॉन्जुरिंग' पाहिला आणि मत हललं. जेम्स वानचा 2013चा, दोन कोटी डॉलरचा सिनेमा, म्हणजे चांगला मेनस्ट्रीम. घरातल्या मुली डोळे बांधून टाळ्यांचा लपाछपीचा खेळ खेळतात. नंतर आई तळघराच्या जिन्यावर अंधारात अडकते, काडी पेटवते आणि तिच्या मागून दोन हात येऊन टाळी वाजवतात. किंचाळी नाही, ढोल नाही, नुसती टाळी. ती मी मागे जाऊन पुन्हा पाहिली, आवाज बारावर ठेवून. तरी दचकलो. म्हणजे बजेट मोठं असलं की कानठळ्या बसवाव्याच लागतात असं नाही. पुढच्या भागांतल्या बहुतेक मंडळींना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

आपल्याकडचं बोलायचं तर रामसे बंधूंचा 'वीराना' आज घाबरवत नाही, पण जेवताना लावायला उत्तम. 'मुंज्या'त हसू जास्त, कोकण छान. 'लपाछपी'तला ऊस बघून गावाकडच्या माणसाला वेगळं वाटेल. तो हिंदीत 'छोरी' म्हणून आला, मूळच बघा. 'तुंबाड'चं काय सांगायचं! 2018 साली थिएटरात फार कुणी गेलं नाही, 2024 साली पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा झाला. त्यात पाऊस जवळजवळ थांबतच नाही, आणि त्या पावसाखाली निम्मे संवाद माझ्या टीव्हीवर वाहून गेले. मराठी माणसाने 'तुंबाड' सबटायटल्स वाचत बघायचा, याला काय म्हणायचं?

ऑटो-रिन्यू बंद केलंय. तेवढ्या पैशांत थोडी भर घालून आधी साउंडबार घेणार. चुलतभाऊ त्याचा जुना विकतोय, पण किंमत नव्याची सांगतो.