ध्रुवावरचं वादळ वर्गात दाखवायचंय? नासाचं ‘वर्ल्डव्ह्यू’ कसं आहे

खानदेशातल्या भूगोल शिक्षकांना उपग्रहांची चित्रं दाखवणारं हे संकेतस्थळ बिनधास्त सुचवतो. फुकट आहे, खातंही उघडावं लागत नाही. पण उघडल्याबरोबर जे चित्र येतं त्यावर विसंबलात तर वर्ग फसतो: ढगही पांढरा, बर्फही पांढरा.

आधी गोलाच्या बटणावरून आर्क्टिकचा नकाशा घ्या, मग टेरा उपग्रहाचा ३-६-७ पट्ट्यांचा (म्हणजे प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबींचा) थर लावा. बर्फ शेंदरी-लाल होतो, पाण्याच्या थेंबांचे ढग पांढरेच राहतात. अ‍ॅक्वा या दुसऱ्या उपग्रहावर हा थर शोधत बसू नका. त्याच्या कॅमेऱ्याचा सहावा पट्टा कधीचाच बिघडलाय.

सरावाला ऑगस्ट २०१२ घ्या. सायबेरियाकडून शिरलेल्या वादळाचा केंद्रदाब ६ तारखेला ९६६ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. त्या दिवशी नुसता ढगांचा भोवरा दिसतो. बर्फ बघायचा तर तुलनेच्या बटणाने वादळाआधीची आणि आठवड्यानंतरची तारीख शेजारी लावा. आपल्याकडे वादळात केळीची बाग तासाभरात आडवी होते, तसं इथे नाही. वारा बर्फ फोडून पांगवतो, खालचं त्यातल्या त्यात कोमट पाणी घुसळून वर आणतो आणि बर्फ तळातून झिजतो. मोकळं पाणी दिसायला काही दिवस जातात.

जोडीला एनएसआयडीसी या अमेरिकेतल्या हिम-बर्फ माहिती केंद्राचा बर्फाच्या विस्ताराचा रोजचा आलेख हवाच, पण त्याची खोड ओळखून. २५ किमीच्या चौकटीत १५ टक्के बर्फ असला की अख्खी चौकट मोजली जाते. (जळगाव जिल्हा अशा जेमतेम १९ चौकटींचा.) त्यामुळे बर्फ नुसता पांगला तरी आकडा हलत नाही, कधी वाढतोसुद्धा. त्यात रेघ पाच दिवसांच्या सरासरीची, वादळाचा झटका तिच्यात बुजतो. रोजचे सुटे आकडे सीएसव्ही फाइलमध्ये मिळतात, तेच एक्सेलमध्ये घ्या.

त्या सप्टेंबरात बर्फ सुमारे ३४ लाख चौ. किमीवर आला. तो वादळामुळेच, असं मुलांना सांगू नका. संगणकी प्रतिमानाच्या हिशेबाने वादळ नसतं तर दीडेक लाखच जास्त उरला असता. २००७ चा सुमारे ४२ लाखांचा नीचांक तरीही मोडलाच असता.

हिवाळ्यात ध्रुवावर ऊन नसतं, म्हणून ३-६-७ चा थर काळाकुट्ट. जानेवारी २०२२ चं ९३२ हेक्टोपास्कलचं वादळ बघायला मायक्रोवेव्ह लहरींवरून काढलेला बर्फाच्या दाटीचा थर लागतो. उन्हाळ्यात मात्र त्याला बर्फावरची डबकीही समुद्रच वाटतात.

चित्रं कॅमेऱ्याच्या बटणाने घरूनच उतरवून न्या. शाळेच्या नेटवर हे थर रांगत येतात.