सुती वेणीच्या वायरीवर चपडा की एनसी लॅकर?
जुन्या वायरीवरची सुती वेणी, म्हणजे विणलेलं सुती आवरण, उसवायला लागली की तिच्यावर काय लावावं हा प्रश्न पडतोच. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख; तो स्पिरिटमध्ये विरघळतो, पातळ हात लगेच सुकतो, उग्र वासही कमी. पण वाळलेला थर ठिसूळ असतो: वायर वाकवली की तडकतो, ओल लागली की पांढुरका पडतो, साधारण 75 अंशांना मऊ होतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर जास्त लवचीक, ओलही बरीच अडवतं. जुन्या मोटारींच्या वायरींवर ते सर्रास असायचं. दोन्ही ओले असताना झटकन पेटतात, म्हणून वीज तोडून मोकळ्या हवेतच लावा.

एका जागी स्थिर, थंड राहणाऱ्या वायरीला चपडा पुरतो. हलणाऱ्या किंवा मोटारीतल्या वायरीला मी लॅकरच लावेन. आतलं रबरच तडकलं असेल तर मात्र वायर बदला; वॉर्निश तिथे धोका फक्त झाकतं.