जंड ठेवू की एनर्जी बांधू? मॉडर्नमधले जुने डेक आणि नवी कार्डं

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात टार्मोगॉइफ हे दोन मानाचं (माना म्हणजे कार्ड खेळायचा खर्च) हिरवं क्रीचर, म्हणजे लढणारं कार्ड, 2007 साली आलं. खेळाच्या मॉडर्न फॉरमॅटमध्ये, म्हणजे ठरावीक कार्डं चालणाऱ्या प्रकारात, एके काळी त्याच्या एका प्रतीला 200 डॉलरच्या आसपास भाव होता, आणि डेकमध्ये चार लागायच्या. आज त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी पैशांत ते मिळतं. कार्ड पूर्वी जे करायचं तेच आजही करतं. मधल्या काळात समोरच्याच्या हातातली कार्डं बदलली.

मी 2014पासून जंड हा डेक खेळतो. लाल, काळा, हिरवा, आणि मधोमध टार्मोगॉइफ. त्यामुळे जुना डेक ठेवावा की विकून नवा बांधावा, हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे. इथे चार डेक शेजारी ठेवून बघतो: जंड, बर्न, अ‍ॅम्युलेट टायटन आणि 2024पासून सगळ्यांना पुरून उरलेला बोरोस (लाल-पांढरा) एनर्जी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मॉडर्नमध्ये 2003च्या आठव्या आवृत्तीपासूनची कार्डं चालतात आणि ती जुनी झाली म्हणून बाद होत नाहीत. म्हणूनच बऱ्याच जणांनी एकदा मोठा खर्च केला: डेक बांधला की आयुष्यभराची सोय. बरीच वर्षं हे खरंही होतं. नवं कार्ड मॉडर्नमध्ये यायचं ते स्टँडर्डमधून, म्हणजे अलीकडच्या संचांपुरत्या फॉरमॅटमधून, आणि स्टँडर्ड बिघडू नये म्हणून त्याची ताकद आवरती ठेवलेली असायची. 2019मध्ये मॉडर्न होरायझन्स हा संच स्टँडर्डला वळसा घालून थेट मॉडर्नमध्ये उतरला. 2021मध्ये दुसरा आला, 2024मध्ये तिसरा. त्यातल्या कार्डांना तो लगाम नव्हता. जुन्या डेकचं गणित बिघडलं ते तिथून.

जंड आणि एनर्जी

जंडचा सगळा खेळ एकास एक या हिशोबावर उभा आहे. तुमचं एक कार्ड मी थॉटसीजने हातातून काढतो, दुसरं बोल्टने मारतो, तिसरं लिलियाना टाकायला लावते. दोघांचे हात रिकामे झाले की टेबलावर माझा टार्मोगॉइफ उरतो, आणि त्याच्यासमोर उभं राहील असं तुमच्याकडे काही नसतं. हा हिशोब चालायला एक अट आहे: मारलेलं कार्ड मेलेलंच राहिलं पाहिजे.

एनर्जीची कार्डं ही अट पाळत नाहीत. फ्लेज घ्या. तीन मानाला टाकलं की ते लगेच स्मशानात (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) जातं, पण जाता जाता तीन डॅमेज करतं आणि मालकाला तीन लाइफ, म्हणजे जीवनगुण, देतं. पुढे स्मशानातली आणखी पाच कार्डं हद्दपार करून ते परत येतं, तेव्हा सहा ताकदीचं क्रीचर म्हणून टेबलावर थांबतं. मी थॉटसीजने ते हातातून काढलं तर मी त्याला, जिथे जायचं होतं तिथेच नेऊन सोडलं. अजानी दोन मानाला येतो आणि सोबत एक मांजर आणतो. मांजर मारली तर अजानी उलटून प्लेन्सवॉकर (दर टर्नला एक करामत करणारं कार्ड) होतो. अजानीला मारलं तर मांजर उरते. माझं एक कार्ड गेलं आणि समोरच्याचं अर्धंच गेलं, असं दर टर्नला होत राहतं.

जंडच्या जुन्या साथीदारांचेही हाल झाले. डार्क कॉन्फिडंट दर टर्नला एक जास्तीचं कार्ड द्यायचा, पण त्याची टफनेस (किती डॅमेजने मरतो तो आकडा) एक. आधी रेन अँड सिक्स आलं, मग 2023मध्ये ऑर्किश बोमास्टर्स, आणि दोन्ही एक डॅमेज जवळजवळ फुकटात करतात. बोमास्टर्स तर समोरच्याने जास्तीचं कार्ड उचललं की पुन्हा बाण मारतो. म्हणजे कॉन्फिडंटचं जे बळ होतं त्यालाच शिक्षा.

जंडमध्ये नवी कार्डं घालून बघितली नाहीत असं नाही. रेन अँड सिक्स, बोमास्टर्स, रागावन, सगळी आपल्याच रंगांतली. पण ती घालत गेलं की टार्मोगॉइफ बाहेर, कॉन्फिडंट बाहेर, ब्लडब्रेड एल्फ बाहेर. उरतं त्याला जंड म्हणायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला हा डेक फार प्रिय आहे, तरी सांगतो: स्पर्धेत जिंकण्यासाठी आज कुणी नव्याने जंड बांधू नये.

बर्नचं गणित

बर्न स्वस्त, सरळ आणि शिकायला सोपा म्हणून कित्येकांचा पहिला डेक असतो. वीस लाइफ, एका बोल्टचे तीन, म्हणजे सात स्पेल. शिवाय समोरचा स्वतःच्या लँडपायी (लँड म्हणजे माना देणारी कार्डं) दोन-तीन लाइफ आपणहून मोजायचा, म्हणून प्रत्यक्षात सहाच पुरायचे. गॉब्लिन गाइड आणि आयडोलॉन ऑफ द ग्रेट रेव्हल उरलेलं काम करायचे.

आता गाइड ऑफ सोल्स बघा. एका मानाचं क्रीचर. मालकाचं दुसरं कुठलंही क्रीचर आलं की एक लाइफ आणि एक एनर्जी (साठवून पुढे खर्च करायचं चलन). ऑसलॉट प्राइडला लाइफलिंक आहे, म्हणजे ते जितकं डॅमेज करतं तितके लाइफ मालकाला मिळतात. एका फ्लेजने एक बोल्ट पुरता पुसला जातो. शिवाय 2024च्या फेब्रुवारीत सर्व्हेल लँड आल्या. त्या टॅप होऊन येतात (म्हणजे लगेच वापरता येत नाहीत), पण लाइफ मागत नाहीत, आणि फेच लँडने, म्हणजे दुसरी लँड शोधून आणणाऱ्या लँडने, शोधता येतात. त्यामुळे समोरचा स्वतःचं रक्त पूर्वीइतकं सांडत नाही. बर्नला सात स्पेलचं काम आता आठ-नऊ स्पेलनी करावं लागतं, आणि तितकी कार्डं हातात येईपर्यंत सामना संपलेला असतो. स्कलक्रॅकसारखी लाइफ रोखणारी कार्डं मदत करतात, पण ती योग्य क्षणी हातात हवीत.

तरीही बर्नवाल्यांची स्थिती जंडवाल्यांपेक्षा बरी आहे, आणि त्याचं कारण लँडमध्ये आहे. अ‍ॅरिड मेसा, सेक्रेड फाउंड्री, इन्स्पायरिंग व्हँटेज या लाल-पांढऱ्या लँड एनर्जीलाही जशाच्या तशा लागतात. बर्न तुमच्याकडे असेल तर एनर्जीचा एक महागडा भाग आधीच घरात आहे.

ज्याला नव्याने बळ दिलं

नवी कार्डं आली की जुनं संपतं, हे सरसकट खरं नाही, आणि त्याचा सगळ्यात चांगला पुरावा अ‍ॅम्युलेट टायटन आहे. अ‍ॅम्युलेट ऑफ व्हिगर आणि प्रायमीव्हल टायटन, दोन्ही 2010ची कार्डं. अ‍ॅम्युलेटमुळे टॅप होऊन येणारी लँड लगेच अनटॅप होते. मग माना देऊन हातात परत येणाऱ्या लँड एकाच टर्नला पुन्हा पुन्हा वापरायच्या आणि सहा मानाचा टायटन वेळेच्या फार आधी उतरवायचा.

2016च्या जानेवारीत डेकला वेग देणाऱ्या समर ब्लूमवर बंदी आली तेव्हा डेक संपला असं पुष्कळांनी मानलं. लोक हळू कार्डांवर चालवत राहिले. 2020मध्ये ड्रायड ऑफ द इलिशियन ग्रोव्ह मिळाली. 2021मध्ये अर्झाज सागा आली, जी स्वतः लँड आहे आणि तिसऱ्या टप्प्यावर शून्य किंवा एक मानाचं आर्टिफॅक्ट शोधून आणते. अ‍ॅम्युलेटची किंमत नेमकी एक माना! 2023मध्ये स्पेलंकिंग आलं, जे अ‍ॅम्युलेटच्या जागी उभं राहू शकतं. ज्या होरायझन्स संचांनी जंडची हाडं मोडली त्यांच्यातल्याच सागाने टायटनला नवा पाय दिला.

हे नशिबाने झालं असं मला वाटत नाही. जंड चांगली कार्डं एकत्र करून खेळतो. त्याहून चांगली आली की जुन्यांना जागा उरत नाही. टायटन एक विचित्र यंत्र चालवतो, जे दुसरं कुणी चालवत नाही. नवी लँड, नवं आर्टिफॅक्ट, काहीही आलं तरी ते त्या यंत्राचा सुटा भाग ठरण्याची शक्यता असते. तुमचा डेक या दोहोंपैकी कुठल्या जातीचा आहे, हे विकायच्या आधी ओळखा. अडचण एवढीच की टायटन शिकायला महिने लागतात. दोन आठवड्यांवर स्पर्धा असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

बंदी उठली तरी

स्प्लिंटर ट्विनचं उदाहरण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. 2016मध्ये बंदी, 2024च्या डिसेंबरमध्ये बंदी उठली. जवळपास नऊ वर्षं कित्येकांनी तो डेक डब्यात जपून ठेवला होता. तो परत आला आणि मॉडर्न जसं होतं तसंच चालत राहिलं.

ट्विन ज्याच्यावर चढवायचं त्या डिसीव्हर एक्झार्क या क्रीचरची टफनेस चार. बोल्टचे तीन सोसून ते जगायचं, आणि त्या एका आकड्यावर सगळा कॉम्बो, म्हणजे दोन कार्डांची जिंकून देणारी जोडी, सुरक्षित होता. मधल्या काळात फेटल पुश आलं, सहा डॅमेजपर्यंत जाणारं अनहोली हीट आलं, साठवलेली एनर्जी ओतून हवं तितकं मारणारं गॅल्व्हॅनिक डिस्चार्ज आलं. आणि सॉलिट्यूड तर हातातलं एक पांढरं कार्ड हद्दपार करून, एकही माना न देता, समोरचं क्रीचर उचलतं. चौथ्या टर्नला सगळे माना ट्विनवर खर्च केल्यावर समोरच्याने टॅप झालेल्या लँडवरून असं उत्तर द्यावं, हे 2015मध्ये विरळाच व्हायचं.

नव्याची जोखीम

आता एनर्जीच्या बाजूचं वजन. डेक खराच मजबूत आहे. 2024च्या डिसेंबरमध्ये त्यातल्या अँप्ड रॅप्टर आणि जेगँथावर बंदी आली, तरी तो वरच राहिला. पण होरायझन्समधली बलाढ्य कार्डं किती टिकतात तेही बघा. 2019मध्ये होगाक जूनमध्ये आला, ऑगस्टमध्ये बंद. 2024मध्ये नादूच्या डेकने अ‍ॅमस्टरडॅमची प्रो टूर जिंकली. नादूही जूनमध्ये आला आणि ऑगस्टमध्ये गेला. फ्युरी अडीच वर्षं टिकलं, ग्रीफ तीन. तसंच थेट मॉडर्नमध्ये उतरलेल्या लॉर्ड ऑफ द रिंग्ज संचातलं द वन रिंग दीड वर्ष. जुना डेक हळूहळू निस्तेज होतो. नव्याच्या भावात एका सकाळी खड्डा पडतो. म्हणून असा संच आल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत मोठा खर्च करू नका. बंदीच्या घोषणेची तारीख आधी कळते, तेवढं थांबा.

आपल्याकडे कार्डं बहुतेक बाहेरून मागवावी लागतात, पोस्टखर्च आणि कस्टम ड्यूटी वेगळी, त्यामुळे चुकीच्या खरेदीची झळ जास्त लागते. मॅजिक ऑनलाइनवर डेक भाड्याने घेऊन आधी खेळून पाहता येतो. एनर्जीच्या वीस मॅच तिथे खेळा, मगच कागदी कार्डांचा विचार करा. स्टँडर्डकडे वळायचं असेल तर तिथे कार्ड साधारण तीन वर्षांत बाद होतंच, आणि 2025मध्ये सहा संच आले. दर दोन महिन्यांनी डेक बदलायची तयारी हवी. कमी पैशांत जुन्या धाटणीचा खेळ हवा असेल तर पॉपर बघा: फक्त कॉमन कार्डं.

माझा कौल असा. बर्न असेल तर लँड ठेवा आणि एनर्जीकडे सरका. टायटन असेल तर काहीही विकू नका, लागेल तो सुटा भाग तेवढा घ्या. ट्विन प्रेमाने खेळा, पण बक्षिसाची आशा धरून नको. जंड असेल तर फेच लँड, थॉटसीज आणि बोल्ट अजिबात हातचे सोडू नका. पुढचा कुठलाही डेक त्यांच्यावरच उभा राहील. टार्मोगॉइफ विकून आता फारसं काही हाती येणार नाही, म्हणून माझे चार मी ठेवलेत, आणि शुक्रवारी मित्रांच्या घरी जंडच पिसतो.